परिभाषा कळते, तरी पान अडते कुठे?

इंग्रजीतून संशोधनलेख वाचणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट माझ्या वारंवार लक्षात आली आहे, ती म्हणजे विषयाची परिभाषा त्यांना सहसा अडवत नाही. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'मायटोकाँड्रिया' ठाऊक असतो आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला 'इलॅस्टिसिटी'. कारण हे शब्द वर्गात शिकवले जातात आणि त्यांच्या व्याख्या पाठ्यपुस्तकात दिलेल्या असतात. वाचन अडते ते 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'कन्स्ट्रेन', 'इम्प्लाय', 'व्हेअरॅझ' अशा शब्दांपाशी. ते कोणत्याच एका विषयाचे नसल्यामुळे त्यांची जबाबदारी कोणताच विषयशिक्षक घेत नाही, आणि लेखातला युक्तिवाद मात्र त्यांच्याच आधाराने पुढे सरकत असतो.

रोजचे शब्द आणि परिभाषा यांच्या मधल्या या थराचा पद्धतशीर शोध भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी न्यूझीलंडमध्ये घेतला आणि 2000 साली आपली 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांतील सुमारे 35 लाख शब्दांचा मजकूर त्यांनी तपासला, रोजच्या वापरातले सर्वाधिक प्रचलित सुमारे 2000 शब्द वगळले आणि उरलेल्यांतून सर्व शाखांत पुन्हा पुन्हा येणारी 570 शब्दकुटुंबे, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे असे गट, निवडली. या कुटुंबांनी शैक्षणिक मजकुराचा सुमारे 10 टक्के भाग व्यापलेला आढळला, तर तुलनेसाठी घेतलेल्या कथासाहित्यात त्यांचे प्रमाण जेमतेम 1.4 टक्के होते. मला हा दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. 'इंग्रजी सुधारायचे तर कादंबऱ्या वाचा' हा सल्ला भाषेची गोडी लागण्यासाठी उत्तमच आहे, पण शैक्षणिक वाचनासाठी लागणारे हे शब्द त्या वाटेने फार क्वचित भेटतात. स्पर्धापरीक्षांसाठी पाठ केल्या जाणाऱ्या दुर्मीळ, भारदस्त शब्दांच्या याद्यांचा तर या कामी आणखीच कमी उपयोग होतो. त्यांवर खर्च होणाऱ्या तासांबद्दल मला मनापासून हळहळ वाटते.

शब्द किती यायला हवेत, याचाही अंदाज घेता येतो. मजकुरातले 98 टक्के शब्द परिचयाचे असतील तर वाचक बाहेरच्या मदतीशिवाय तो मजकूर नीट समजून घेऊ शकतो, असे भाषाशिक्षणाच्या अभ्यासात साधारणपणे मानले जाते. म्हणजे 400 शब्दांच्या पानावर आठ अनोळखी शब्द. हेच प्रमाण 95 टक्क्यांवर आले की अनोळखी शब्द वीस होतात, आणि मग प्रत्येक परिच्छेदात थांबावे लागते.

पण ओळख असणे आणि वापरता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि खरी मेहनत तिथेच लागते. इतरांच्या संशोधनाचा उल्लेख करताना वापरली जाणारी क्रियापदे पाहावीत. लेखकाने 'सजेस्ट' लिहिले की पुरावा एका दिशेला बोट दाखवतो, पण निर्णायक नाही. 'डेमन्स्ट्रेट' लिहिले की पुरावा पुरेसा असल्याचे तो मान्य करतो. 'क्लेम' लिहिले की तो त्या विधानापासून बहुधा थोडा दूर उभा राहतो. शब्दकोशात या तिन्हींचे अर्थ शोधून ही छटा हाती येतेच असे नाही. ती कळते एकाच विषयावरचे चार-पाच लेख शेजारी ठेवून वाचल्यावर, कोण कोणाबद्दल कोणते क्रियापद वापरतो हे टिपल्यावर. हा अभ्यास केलेला विद्यार्थी स्वतःच्या प्रबंधातही 'प्रूव्ह' हा शब्द जपून वापरू लागतो, आणि त्यातून त्याची इंग्रजीच नव्हे तर विचाराची शिस्तही सुधारते, असे माझे ठाम मत आहे.

शब्दांच्या सोबत्यांबद्दलही हेच म्हणता येईल. 'रिसर्च'सोबत 'कंडक्ट' येते, 'कन्क्लूजन'सोबत 'ड्रॉ', 'हायपोथेसिस'सोबत 'टेस्ट'. 'रिसर्च' आणि 'एव्हिडन्स' या नामांची शैक्षणिक लेखनात सहसा अनेकवचने होत नाहीत, हे नियम म्हणून पाठ केले तरी लिहिताना विसरते. पूर्ण वाक्य लक्षात असेल तर चूक होण्याची शक्यता कमी. म्हणून वहीत सुटा शब्द आणि त्यासमोर अर्थ अशी नोंद करू नये. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य, त्याचा सोबती शब्द आणि त्याच कुटुंबातली इतर रूपे, म्हणजे 'ॲनलाइझ'बरोबर 'ॲनॅलिसिस' आणि 'ॲनॅलिटिकल', अशी नोंद करावी. उच्चारताना जोर शब्दातल्या कोणत्या उच्चारखंडावर पडतो हेही तिथेच खूण करून ठेवावे, कारण या तीन रूपांत तो जागा बदलतो.

नोंदी वाढल्या की त्या आठवणीत ठेवण्याचा प्रश्न येतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या आणि 1885 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते की पाठ केलेल्या मजकुराचे विस्मरण सुरुवातीला वेगाने होते आणि नंतर मंदावते. त्यामुळे एका बैठकीत पन्नास शब्द घोकण्यापेक्षा तेच शब्द वाढत्या अंतराने पुन्हा समोर आणणे अधिक फलदायी ठरते. 'अँकी'सारखी मोफत संगणकप्रणाली हे वेळापत्रक सांभाळते. कागदी कार्डे आणि ती उजळणीच्या अंतरानुसार ठेवायला चार खोकी असली तरी काम भागते. अट एवढीच की कार्ड उलटण्यापूर्वी उत्तर स्वतः आठवण्याचा प्रयत्न व्हावा. नुसते पाहून 'हो, हा माहीत आहे' म्हणत पुढे जाण्याने ओळखीचा भास तेवढा वाढतो.

कॉक्सहेड यांची यादी मी विद्यार्थ्यांना पाठांतरासाठी देत नाही. आपल्याच विषयाचा एक लेख घेऊन त्यातले कोणते शब्द यादीत आहेत आणि त्यांतले कोणते आपल्याला लिहिता येत नाहीत, हे तपासण्यासाठी देते. त्या तपासणीतून हाती आलेले आठ-दहा शब्द त्या आठवड्याचे. लेख मिटून ठेवावा, त्याचा सारांश इंग्रजीत एका परिच्छेदात लिहावा, त्यात हे शब्द यावेत, आणि मग मूळ लेख उघडून आपली वाक्यरचना लेखकाच्या रचनेशी शब्दशः ताडून पाहावी.