खिशातले चार दात

जोहान्सबर्गच्या वायव्येला पन्नासेक किलोमीटर गेलं, की वाळल्या गवताच्या टेकड्या लागतात. त्यातल्याच एकीच्या पोटात स्टर्कफोंटेनच्या गुहा आहेत. दक्षिण आफ्रिकेत मला सिंहांच्या आधी हेच बघायचं होतं.

वाकत, भिंत धरत आत उतरलो. गाइडने टॉर्च तिरका धरला आणि दगडात रुतलेलं हाड दिसलं. वरच्या भोकांतून पडलेली माती, दगड, हाडं चुन्याच्या पाण्याने इतकी घट्ट सांधली गेलीत, की पूर्वी ती सोडवायला सुरुंग लावत. १८ एप्रिल १९४७ रोजी जीवाश्म शोधणाऱ्या रॉबर्ट ब्रूम आणि जॉन रॉबिन्सन यांना ‘मिसेस प्लेस’ या टोपणनावाने ओळखली जाणारी, माणसाच्या प्राचीन पूर्वजांपैकी एकाची कवटी अशाच स्फोटानंतर मिळाली.

जवळच्या मारोपेंगच्या प्रदर्शनात मात्र मी खिळलो तो ताउंगचं बालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, माणसाच्या अशाच एका लहानग्या पूर्वजाच्या कवटीच्या प्रतिकृतीपुढे. ही कवटी १९२४ सालची, दूरच्या ताउंगमधल्या चुन्याच्या खाणीतली. जबड्यात दुधाचे दात जागच्या जागी, त्यांच्यामागे पहिली कायमची दाढ नुकती वर आलेली. आपल्याकडे ती सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते, म्हणून आधी वय सहा धरलं गेलं. पुढे इनॅमलच्या, म्हणजे दातांवरच्या कठीण आवरणाच्या, वाढीवरून ते तीन-चार वर्षांवर आलं. सुळे बारके. आणि मज्जारज्जू जायचं कवटीच्या तळाचं भोक पुढे सरकलेलं, म्हणजे डोकं मणक्यावर तोललेलं, चाल दोन पायांची! मेंदू मात्र लहान. शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये या पुराव्यावर त्याला ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकॅनस असं नाव दिलं. इंग्लंडमधल्या बड्या शास्त्रज्ञांना ते पटेना, कारण त्यांना मोठ्या मेंदूचा पूर्वज हवा होता आणि इंग्लंडमध्येच सापडलेली पिल्टडाउनची मोठ्या मेंदूची कवटी त्यांच्या हाताशी होती. ती बनावट असल्याचं १९५३ मध्ये उघड झालं. तोवर जवळपास तीस वर्षं गेली, याची मला आजही चीड येते.

स्टर्कफोंटेनपासून क्रोमड्राय ही जीवाश्मांची दुसरी जागा हाकेच्या अंतरावर. १९३८ मध्ये इथल्या गेर्ट टेरब्लांश या शाळकरी मुलाला जीवाश्म सापडलेत हे कळताच ब्रूम थेट त्याच्या शाळेत पोचले. पोराने पँटच्या खिशातून चार दात काढून दिले! त्यातून पुढे आला माणसाचा आणखी एक प्राचीन नातलग, परँथ्रोपस रोबस्टस: पुढचे दात चिमुकले, दाढा जात्यासारख्या रुंद आणि सपाट, इनॅमल जाड. चेहऱ्याचा चुरा झाला तरी इनॅमल टिकतं, शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही.

मिसेस प्लेसच्या तोंडात मात्र एकही दात नाही, नुसत्या खोबणी. त्यांवरूनच ती मादी की वयात येणारा नर, हा वाद रंगलाय.

मला आपली मध्य प्रदेशातल्या हाथनोराची प्राचीन मानवाची कवटी आठवली. १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी ती सापडली, पण चेहरा नाही, जबडा नाही, दात नाहीत. म्हणून ती कोणत्या मानवाची, यावर अजून एकमत नाही. त्या गाळात कुणीतरी चिकाटीने दातांसाठी चाळण लावायला हवी.