तुम्ही विचारलंत म्हणून: तो येशूबद्दल बोलला, तुम्हांला आनंद नाही झाला?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा एखाद्या व्हिडिओच्या मागोमाग येतो. कुणी नट, कुणी गायक, कुणी खेळाडू डोळे पुसत सांगत असतो की प्रभूनं मला वाचवलं. संडे स्कूलच्या मोठ्या वर्गातली मुलं फोन माझ्यापुढे धरतात, "ताई, बघा ना, हा पण!" मी बघते, आणि त्यांना हवा तो आनंद माझ्या चेहऱ्यावर उमटत नाही. मग विचारतात. त्याच्या एका वाक्यानं लाखो माणसं देवाचा विचार करायला लागतील, त्यात वाईट काय?

आनंद होतो, मनापासून होतो. पण त्याच क्षणी मला त्या माणसाची काळजी वाटायला लागते, आणि चेहऱ्यावर ती आधी दिसते.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, एका नावाजलेल्या कलाकाराला साक्ष द्यायला, आपण विश्वासात कसे आलो हे सांगायला, बोलावलं होतं. त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती विश्वासात येण्याचा पाण्याचा विधी, होऊन तीन महिनेही झाले नव्हते. आमंत्रण घेऊन जे तिघं गेले त्यांत मी होते. त्या रविवारी लोक दाराबाहेर उभे होते. तो व्यसनाबद्दल बोलला, झोप न लागणाऱ्या रात्रींबद्दल बोलला, आणि खरं बोलला. उपासना संपल्यावर रांग लागली ती त्याच्याबरोबर फोटो काढायला. प्रार्थनेसाठी पुढे कुणीच आलं नाही. नंतर त्याला ठिकठिकाणहून बोलावणी येत राहिली. तीच साक्ष, त्याच वाक्याला येणारे तेच अश्रू. वर्षभरानं भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, प्रार्थना कशी करायची हे मला अजून कुणी शिकवलंच नाही. सगळे मलाच करायला सांगतात."

पुढे त्यानं येणं सोडलं. मी त्याच्यासाठी अजून प्रार्थना करते, आणि आमंत्रण नेणाऱ्या त्या तिघांसाठीही.

बायबलमध्ये प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलं आहे की मंडळीची जबाबदारी नवशिक्याकडे देऊ नये. कारण काय, तर तो फुगून जाईल आणि पडेल. मंडळीचं नुकसान होईल म्हणून नव्हे, त्याचं होईल म्हणून. हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं होतं, पण आमंत्रण घेऊन जाताना आठवलं नाही.

मुलांना मी हल्ली बायबलमधली अपुल्लोसाची गोष्ट सांगते. आलेक्सांद्रियाचा माणूस, शास्त्रात तरबेज, बोलायला लागला की सभा खिळून राहावी असा वक्ता. इफिसात येऊन तो येशूविषयी आवेशानं शिकवत होता, पण त्याला फक्त येशूच्या आधी आलेल्या योहानाच्या बाप्तिस्म्याचीच माहिती होती. प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या नवरा-बायकोनं त्याला ऐकलं. भर सभेत त्याला टोकलं नाही, टाळ्या वाजवून पुढेही ढकललं नाही. आपल्याकडे घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. एवढा मोठा वक्ता आणि तो शिकायला बसला! पुढे करिंथ शहरातल्या मंडळीत त्याच्या नावाचा गट पडला. कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी म्हणे मी अपुल्लोसाचा. तेव्हा पौलानं त्यांना पत्रातून विचारलं, तुमच्यासाठी पौलाला वधस्तंभावर खिळलं होतं का? त्याच पत्राच्या शेवटी एक बारीकशी ओळ आहे: अपुल्लोसाला तुमच्याकडे यायची मी फार विनंती केली, पण आत्ताच यायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. कारण दिलेलं नाही. मला वाटतं, आपल्या नावानं तिथं काय चाललंय हे त्याला कळलं असावं.

1979मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलन ख्रिस्ती झाल्याचं जगाला कळलं. काही महिने तो कॅलिफोर्नियातल्या एका मंडळीच्या बायबल वर्गालाही जात होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमांत त्यानं फक्त नवी, श्रद्धेची गाणी म्हटली. जुन्या चाहत्यांपैकी काहीजण चिडले, आणि विश्वासणाऱ्यांना आपल्या बाजूला एक मोठं नाव मिळालं. 1981पर्यंत असे तीन अल्बम आले, मग सूर बदलला. तो अजून विश्वासात आहे की नाही यावर माणसं चाळीस वर्षांनंतरही वाद घालतात. एका माणसाच्या आत्म्याचा हिशेब त्याला कधीही न भेटलेल्यांनी मांडावा, हे मला फार दुःखाचं वाटतं.

मग प्रसिद्ध माणसानं तोंडच उघडू नये का? उघडावं. चौथ्या शतकात रोममध्ये मारियस व्हिक्टोरिनस नावाचा वक्तृत्वाचा थोर शिक्षक होता, इतका थोर की शहराच्या चौकात त्याचा पुतळा उभारला होता. ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मगुरूनं आपल्या आत्मकथनात त्याची हकिगत दिली आहे. म्हातारपणी शास्त्र वाचता वाचता तो आपल्या मित्राला, सिंप्लिशियनसला, खासगीत सांगायचा, "मी ख्रिस्तीच आहे." मित्र म्हणायचा, चर्चमध्ये दिसलास की मानीन. त्यावर हा हसून विचारायचा, "मग भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो का?" खरं तर त्याला आपल्या वजनदार मित्रांची भीती वाटत होती. अखेर एके दिवशी तो स्वतःच म्हणाला, चल, चर्चला जाऊ. त्यानं विश्वासाचं शिक्षण घेतलं, बाप्तिस्म्यासाठी नाव नोंदवलं. वडीलजनांनी त्याला सवलत देऊ केली की विश्वासाची कबुली एकांतात द्या. त्यानं ती नाकारली आणि सगळ्यांसमोर उभा राहिला. गर्दीतून त्याच्या नावाची कुजबुज उठली.

पण तो बोलला काय? त्यानं आपली कहाणी सांगितली नाही. बाप्तिस्मा घेणारा प्रत्येक जण म्हणतो तेच पाठ केलेले विश्वासाचे शब्द म्हटले. ज्याची उभी हयात वक्तृत्वात गेली, त्यानं त्या दिवशी स्वतःचा एकही शब्द वापरला नाही. पुढे 362मध्ये सम्राट जुलियननं ख्रिस्ती शिक्षकांवर बंदी आणली, तेव्हा त्यानं विश्वास राखला आणि शिकवणं सोडलं.

दुसऱ्या तऱ्हेच्या प्रसिद्ध माणसांबद्दलही मुलं विचारतात. 1968मध्ये बीटल्स ध्यान शिकायला ऋषीकेशला गेले, 2008मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्रा विनफ्रीनं अध्यात्मावर लिहिणाऱ्या एकहार्ट टोलेबरोबर इंटरनेटवर दहा आठवड्यांचा वर्ग घेतला, आणि आता जो तो विश्वाकडे मागा, विश्व देईल असं सांगतो. त्यामागची भूक खरी आहे, तिला मी कधी हसत नाही. पण या अध्यात्मात क्षमा मागावी असं कुणी समोर नसतं, आणि शेजारी बसलेला नकोसा माणूसही नसतो. मंडळीत दोन्ही असतात. शिवाय त्या ताऱ्याचा चेहरा आपल्याला पाठ असतो, त्याला आपलं नाव ठाऊक नसतं. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो, असं येशू म्हणाला. आजारी पडल्यावर ज्याला आपलं नाव माहीत आहे तोच दाराशी येतो.

मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीनं असाच व्हिडिओ दाखवला. आम्ही दोघींनी त्या गायकाचं नाव घेऊन प्रार्थना केली. मग तिनं विचारलं, "ताई, तो खरंच आपल्या उपासनेला आला, तर कुठं बसवाल?"

मी म्हटलं, मागच्या बाकावर, आजींच्या शेजारी. या आजी गेली कित्येक वर्षं त्याच जागी बसतात आणि नव्या माणसाला प्रार्थना शिकवतात.

"पण त्या त्याला ओळखणारच नाहीत."

"नाहीत."

तिनं जरा विचार केला. "मग त्याला गीत कुठलं ते सापडेल?"

"आजी पान काढून देतील."