काळ्या पत्थरावर पांढरी साय

कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ न देता त्याचा दगड करून कोंडता येतो का, ते बघतोय. आज बसाल्टचा तुकडा रिअ‍ॅक्टरमधून, म्हणजे प्रयोगाच्या बंद भांड्यातून, बाहेर काढला. आपला तोच काळा पत्थर, ज्याची खडी होते. कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या पाण्यात, दाबाखाली, बरेच आठवडे मुरत होता. भिंगाखाली पाहिलं तर बारीक भोकांच्या कडेला पांढरी साय धरलेली. अ‍ॅसिडचा थेंब टाकला, फसफसलं. कॅल्साइट! म्हणजे दगडातलं कॅल्शियम आणि पाण्यातला वायू मिळून होणारं खनिज.

लगेच नाचायचं नसतं. दख्खनच्या दगडात कॅल्साइट मुळातच सापडतं, त्यामुळे आधीचे फोटो काढून एकेक भोक ताडून पाहणं आलं. डोळ्यांची पार वाट लागली. पण काही ठिकाणी साय नवीच आहे.

आइसलँडमध्ये हेलिशेइदीला २०१२ साली असाच वायू बसाल्टमध्ये सोडला, दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांच्या वर दगड झाला. मात्र एक टन वायूमागे वीस-पंचवीस टन पाणी लागतं. मराठवाड्यात हे मागून बघा कुणाकडे!

चहाला तेलविहिरींवर काम केलेला मित्र भेटला. "दगड कसले करतोस, वायू आम्हाला दे, जुन्या विहिरीतून तेल निघेल." खोटं नाही. कॅनडात वेबर्नला २००० पासून तेच चाललंय, वायू खाली, तेल वर. पण ते तेल जाळल्यावरचा धूर कुणाच्या खात्यावर टाकायचा? यावर दोन चहा झाले, तो काही हटला नाही. मीही नाही.

सोमवारपासून समुद्राच्या पाण्यावर प्रयोग. कॅन रत्नागिरीहून येतायत.