लॉनचा आवाज आणि ‘निरंक’ असे उत्तर

नागपुरात मे महिन्यात खिडक्या बंद करून झोपता येत नाही, ही गोष्ट बाहेरगावच्या माणसाला चटकन पटत नाही. आमच्याकडे कूलर खिडकीत बसवलेला असतो, तो ओल्या ताट्यांतून बाहेरची हवा आत ओढतो आणि ती हवा निघून जाण्यासाठी समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवावेच लागते. ते बंद केले तर तासाभरात खोलीत दमट कोंदटपणा साचतो आणि गादीसुद्धा ओलसर लागू लागते. त्यामुळे आमच्या फ्लॅट स्कीमच्या मागच्या मोकळ्या भूखंडावर लग्नाचे लॉन सुरू झाले आणि मी पहिल्यांदा तक्रार केली, तेव्हा ‘काका, खिडक्या लावून घेत जा’ हा जो सल्ला मिळाला, तो देणारा माणूस नागपूरचाच होता याचे मला नवल वाटले.

माझी आई तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. तिला कमी ऐकू येते आणि रात्री झोपताना ती श्रवणयंत्र काढून डबीत ठेवते. आवाजाचा त्रास घरात सर्वांत कमी तिला होईल असे आम्ही गृहीत धरले होते. परंतु २०२३ च्या मे महिन्यातल्या एका रात्री ती उठून बसली आणि म्हणाली, ‘अरे, हा पलंग वाजून राहिला.’ मी पलंगाच्या कठड्याला हात लावून पाहिला, तर तो खरोखरच थरथरत होता. बँकेत तेहतीस वर्षे खातेवह्या तपासण्यात गेलेला मी माणूस आहे. भांडण करणे मला जमत नाही, पण नोंद ठेवणे जमते. त्या रात्री जुन्या डायरीत पहिली नोंद केली.

आधी अर्थातच लॉनच्या मालकांना भेटलो. ते अदबीने बोलले, चहा मागवला आणि म्हणाले, ‘काका, आपण दहाच्या आत बंद करून राहिलो ना. दहापर्यंत तर कायदाच आहे.’ हे वाक्य मी पुढच्या सहा महिन्यांत किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. शेजाऱ्यांनी ते म्हटले, डीजे वाजवणाऱ्या मुलांनी म्हटले, पोलीस ठाण्यातल्या अंमलदारांनीही म्हटले. दहाच्या आत काहीही चालते आणि दहानंतर काहीही चालत नाही, अशी सरळ वाटणी लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे. माझ्याही मनात ती होतीच, आणि खरे सांगायचे तर आमच्या स्वतःच्या घरच्या लग्नात साडेअकरापर्यंत डीजे वाजला होता, तेव्हा मला दहाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

पहिले काही दिवस मी ११२ क्रमांकावर फोन करीत होतो. फोन उचलला जात असे, पत्ता नीट विचारला जात असे आणि वीस-पंचवीस मिनिटांत दुचाकीवर दोन पोलीसही येत. त्यांची दुचाकी फाटकाशी दिसली की आवाज उतरे. ती वळणावरून दिसेनाशी झाली की पुन्हा चढे. आलेल्या पोलिसांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांच्या हाती मोजण्याचे यंत्र नव्हते आणि लग्नाच्या तिथीला त्यांच्या हद्दीत अशी सात-आठ ठिकाणे एकाच वेळी गाजत असत. मात्र तिसऱ्या खेपेला, फोन कोणी केला हे लॉनवर सांगितले गेले आणि दुसऱ्या दिवशी मालकांचा भाचा माझ्या दाराशी आला, ही गोष्ट मला फार खटकली. तक्रारदाराची ओळख न विचारता आणि ती उघड न करता कारवाई करावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याकडील एका वसाहतीच्या प्रकरणात पोलिसांना स्पष्टपणे बजावले; मला ते वाचायला मिळाले तोवर माझे नाव सगळ्या ले-आउटला ठाऊक झाले होते.

जूनमध्ये लग्नाच्या तिथी विरळ झाल्या तेव्हा मी शांतपणे नियम वाचायला बसलो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेले आहेत आणि ते फारसे लांबलचक नाहीत. संध्याकाळच्या दोन चहांच्या मधल्या वेळेत वाचून होतात. निवासी क्षेत्रासाठी त्यांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. व्यापारी क्षेत्रासाठी ती ६५ व ५५, औद्योगिक क्षेत्रासाठी ७५ व ७०, तर रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये यांच्याभोवतीच्या शंभर मीटरांच्या शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० आहे. दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दहाला संपतो. म्हणजे दहा वाजता मर्यादा बदलते, ती तिथून सुरू होत नाही. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मानकापेक्षा पाच डेसिबलहून अधिक असता कामा नये, असेही त्यांत आहे. आमच्यापुरता त्याचा अर्थ लॉनच्या कुंपणाशी संध्याकाळी आठ वाजतासुद्धा ६० डेसिबल हीच सीमा.

पण मी थबकलो ते पाचव्या नियमाच्या पहिल्याच पोटनियमाशी. सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याखेरीज ध्वनिक्षेपक वापरताच येणार नाही, असे तिथे लिहिले आहे. त्यात दिवस-रात्र असा भेद नाही. रात्री तो फक्त बंदिस्त सभागृहात, आतल्या आत, चालतो. वर्षातून एकंदर पंधरा दिवसांपुरती दहाऐवजी बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्याला आहे, परंतु तो सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी आहे. कोणाच्या घरचे लग्न त्यात बसत नाही. लॉनच्या मालकांनी पुढे असा युक्तिवाद केला की शामियाना चारही बाजूंनी कापडाने झाकलेला असतो, म्हणून जागा बंदिस्तच धरावी. ज्या कापडातून जेवणाचा वास येतो त्यातून आवाज येत नाही, हे मान्य करायला मात्र पोलीस अधिकारीही तयार झाले नाहीत.

आवाज मोजण्याच्या बाबतीत मी बरेच दिवस फुकट घालवले, तेही सांगतो. आपल्या नागपूरच्याच ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, मोबाइलवर आवाज मोजण्याचे ‘नॉइज ट्रॅकर’ नावाचे अ‍ॅप काढलेले आहे. ते मी उतरवून घेतले आणि उत्साहाने खिडकीत उभा राहिलो. पहिला आकडा ७४ आला. नंतर लक्षात आले की माझा स्वतःचा कूलर चालू होता आणि लॉन बंद असतानाही तो एकटाच ६२ दाखवीत होता. तेव्हापासून मोजण्याआधी कूलर बंद करण्याचा नेम केला, म्हणजे मे महिन्याच्या रात्री दहा मिनिटे घामाघूम होऊन हातात मोबाइल धरून उभे राहायचे. शिवाय मोबाइलचा माइक हे काही प्रमाणित यंत्र नव्हे. त्याच्या आकड्याने स्वतःची खात्री पटते, समोरच्यावर कारवाई होत नाही. दुसरी गोष्ट अशी की नियमातले मोजमाप ‘ए’ भारांकनाने होते, माणसाच्या कानाला खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात हे धरून ती पट्टी त्यात कमी मोजली जाते. डीजेचा सगळा जोर नेमका त्याच पट्टीत असतो. आईच्या पलंगाचा कठडा का थरथरत होता आणि माझ्या अ‍ॅपचा आकडा त्या मानाने का साधा दिसत होता, याचा उलगडा मला तेव्हा झाला. डेसिबलची मोजपट्टीही साधी बेरजेची नाही. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होणे, त्यामुळे ५५ ऐवजी ७५ हे ‘थोडेसे वर’ नसून शंभरपट आहे. हे वाक्य मी पुढे अर्जात घातले आणि त्याचा उपयोग झाला.

आकड्यांवर भांडत बसण्यापेक्षा परवानगीचा कागद मागावा, हे बँकेतल्या सवयीमुळे सुचले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करायचे ठरवले. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांपर्यंतच मजकूर घ्यावा लागतो, त्यामुळे माझा चार पानांचा पहिला मसुदा निकामी ठरला. दोन वेगळे अर्ज केले आणि प्रत्येकाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. पोलिसांकडील अर्जात एकच मागणी ठेवली: या भूखंडावर १ ते ३१ मे २०२३ या काळात ध्वनिक्षेपक वापरण्यासाठी दिलेल्या लेखी परवानग्यांच्या प्रती द्याव्यात. नियोजनाशी संबंधित कार्यालयाकडील अर्जात मंजूर विकास आराखड्यात या भूखंडाचा वापर कोणता दाखवला आहे, एवढेच विचारले. कारण क्षेत्र निवासी की व्यापारी हे कागदावर ठरल्याखेरीज ५५ म्हणायचे की ६५ हा वाद मिटत नाही.

दुसऱ्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर आले नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केले, सुनावणीला गेलो, तिथे दहा मिनिटांत ‘निवासी’ हा शब्द लेखी मिळाला. पहिल्या अर्जाचे उत्तर मात्र मुदतीत, अठ्ठाविसाव्या दिवशी, टपालाने आले. त्या पत्रात विषय, संदर्भ, माझे नाव असे सगळे यथासांग लिहून झाल्यावर माहितीच्या रकान्यात एकच शब्द होता: निरंक. मे महिन्यात माझ्या डायरीत चौदा रात्रींच्या नोंदी होत्या आणि त्यांपैकी एकाही रात्रीची परवानगी अस्तित्वात नव्हती. सरकारी पत्रातला हा शब्द वाचून माणूस सहसा हिरमुसतो. मी तो दोनदा वाचला आणि पत्राच्या सहा झेरॉक्स काढून आणल्या.

त्यानंतर सामूहिक अर्ज करायचा होता. आमच्या स्कीममध्ये तेवीस फ्लॅट आहेत. सह्या मिळाल्या नऊ. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, ‘भाऊ, डिसेंबरात पोरीचे लग्न त्याच लॉनवर ठरले आहे, माझी अडचण समजून घ्या.’ मी समजून घेतली. एका वहिनींनी सही केली नाही, पण स्वतःच्या मोबाइलवरच्या दोन चित्रफिती, तारखेसकट, मला पाठवल्या. त्या नऊ सह्यांइतक्याच कामी आल्या. अर्जाला डायरीतल्या नोंदींचा तक्ता, ११२ ला केलेल्या फोनच्या वेळा, ‘निरंक’ असलेले पत्र आणि ‘निवासी’ असलेले पत्र जोडले. मागण्या फक्त दोन ठेवल्या: परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लागू देऊ नये आणि एका कार्यक्रमाच्या वेळी कुंपणाशी प्रमाणित यंत्राने मोजणी करून पंचनामा करावा. लॉन बंद करा, असे आम्ही कुठेही लिहिले नाही. आवक क्रमांकाची पोच घेतल्याखेरीज खिडकीसमोरून हललो नाही.

पुढचे तीन आठवडे काहीच घडले नाही. मग एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी बोलावून घेतले. ते मोकळेपणाने म्हणाले की लग्नाच्या तिथीला माणसे पुरत नाहीत आणि मोजणीचे यंत्र घेऊन प्रत्येक लॉनवर जाणे शक्य नाही. पण परवानगीच घेतली नसेल तर मोजण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, हा मुद्दा त्यांनी लगेच मान्य केला. लॉनला नोटीस निघाली. मालकांनी लिहून दिले की प्रत्येक कार्यक्रमाआधी परवानगी घेऊ, स्पीकरची तोंडे वस्तीऐवजी रस्त्याकडे करू आणि डीजेवाल्याच्या करारात आवाजाची अट घालू.

तुळशीच्या लग्नानंतरच्या एका तिथीला मोजणीही झाली. संध्याकाळी साडेआठला दोन पोलीस यंत्र घेऊन आले, कुंपणाशी उभे राहिले आणि वाऱ्याचा आवाज धरू नये म्हणून यंत्राच्या टोकाला स्पंजची टोपी घातली. आकडा ७१ आला. मर्यादेपेक्षा अकरा जास्त. मालकांसमोरच पंचनामा झाला. ते तेव्हा काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. पुढच्या कार्यक्रमाला मात्र चार मोठ्या बेस पेट्यांपैकी दोन दिसल्या नाहीत. आता तिथे लग्ने होतात, मंगलाष्टके ऐकू येतात, गाणीही ऐकू येतात. पण घरात बसून एकमेकांशी बोलता येते. गेल्या हंगामात डायरीत तीन नोंदी झाल्या, त्यांपैकी दोन दहानंतरच्या आहेत.

जे राहिले आहे ते वरातीचे. लॉनच्या फाटकाच्या आत जेवढी शिस्त आली तेवढी ती बाहेरच्या रस्त्यावर आलेली नाही. संदल, म्हणजे वरातीपुढचे ढोलवाले, आणि डीजेची गाडी आमच्या फाटकासमोर पाऊण तास थांबते, आणि रस्ता लॉनचा नसल्याने मालक हात वर करतात. त्यांचे म्हणणे या बाबतीत बरोबर आहे, कारण ती गाडी वधूकडचे किंवा वराकडचे लोक ठरवतात. गाडीवरचाही ध्वनिक्षेपकच असल्याने परवानगीचा नियम त्यालाही लागू होतो, फक्त ती परवानगी कोणाच्या नावाने मागावी हे प्रत्येक वेळी बदलते. म्हणून नव्या अर्जात वरातीच्या गाड्यांना दिलेल्या परवानग्यांच्या प्रती मागितल्या आहेत. मजकूर एकशे बेचाळीस शब्दांचा झाला आहे आणि पोच डायरीतच लावून ठेवली आहे.