पदवीधर कोणाला म्हणायचं? आमच्या मंडळाच्या नोंदणीचा अनुभव

कोल्हापुरात पदवीधर महिलांचं मंडळ नोंदवायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, वेळ कागदपत्रांत जाईल. तो गेला 'पदवीधर' या एका शब्दात.

पहिल्या मसुद्यात आम्ही 'शिवाजी विद्यापीठाची पदवीधर' असं लिहून मोकळ्या झालो. पण हे विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 चं. राजाराम कॉलेज 1880 चं असलं तरी विद्यापीठाआधीच्या तिथल्या पदव्या मुंबई, नंतर पुणे विद्यापीठाच्या. म्हणजे ज्या आजींच्या सोप्यात बैठक भरली होती त्याच नियमाबाहेर! बेळगाव-धारवाडकडून सून होऊन आलेल्याही बाहेर. शेवटी 'कायद्याने मान्यता असलेल्या कोणत्याही विद्यापीठाची पदवी' असं लिहिलं, त्यात मुक्त विद्यापीठही आलं. डिप्लोमावाल्यांना सहयोगी सभासद केलं. त्यांना मताचा अधिकार नाही. यावर भांडण झालं आणि अजूनही धुमसतंय.

उद्देश ठरवताना जुना दाखला उपयोगी पडला. 1919 साली ब्रिटिश आणि अमेरिकन प्राध्यापिकांनी विद्यापीठ-शिक्षित स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय संघ काढला. देशोदेशींच्या शिकलेल्या बायकांची मैत्री आणि मुलींच्या पुढच्या शिक्षणाला मदत, हा त्याचा गाभा. आम्ही शिष्यवृत्ती, वाचनालय आणि व्याख्यानं घेतली. भिशी आणि सहल उद्देशांत घालू नका. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यात शिक्षण, ज्ञानप्रसार, वाचनालय, धर्मादाय अशी कामं बसतात, नुसती करमणूक बसत नाही. भिशी हवीच असेल तर ती मंडळाच्या वहीबाहेर, आपापल्या जबाबदारीवर. उद्देश एकदाच नीट लिहा. नंतर बदलायचे तर महिन्याच्या अंतराने दोन सभा आणि दोन्हींत तीन पंचमांश मतं लागतात.

कायद्याला किमान 7 जणी पुरतात. आम्ही 9 घेतल्या, कारण ऐनवेळी एखादीची बदली होते, एखादी मुलाकडे परदेशी जाते. पहिल्या सभेचं प्रोसिडिंग, विधानपत्र (संस्थेचं नाव, उद्देश आणि कार्यकारिणी सांगणारा कागद), नियमावली, सगळ्यांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, जागामालकाचं ना हरकत पत्र आणि त्या जागेचं लाईटबिल, असा गठ्ठा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. नियमावलीच्या प्रतीवर कार्यकारिणीतल्या किमान तिघींनी 'खरी प्रत' म्हणून सही करायची.

आमचा घोळ झाला तो नावांचा. पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि सही कुठे इंग्रजी तर कुठे मोडक्या मराठीत. एकीच्या पॅनवर तर वडिलांचं नाव, नवऱ्याचं आडनाव. नऊपैकी पाच जणींचं असंच. विधानपत्रावर एक नाव आणि संमतीपत्रावर दुसरं गेल्याने अख्खा संच परत टाईप करावा लागला. म्हणून आधी एक तक्ता करा: पदवीवरचं नाव, आधारवरचं, पॅनवरचं आणि सहीचा नमुना. मग सगळीकडे आधारवरचंच नाव वापरा आणि जिचं जुळत नाही तिचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राचं पान सोबत जोडा. पुरुषांच्या मंडळांना हा ताप नसतो, त्यामुळे नमुन्याच्या फायलींत याचा उल्लेखही सापडत नाही.

संस्था म्हणून नोंद झाली तरी महाराष्ट्रात काम तिथे संपत नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद लागते, त्यासाठी 'अनुसूची 2' या ठरलेल्या नमुन्यातला अर्ज. मग संस्थेच्या नावाचं पॅन, आणि त्यानंतर बँक. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघींच्या सह्या, असा ठराव आधीच करून ठेवा. तिघींचीही सही बंधनकारक केली की गौरी-गणपतीत चेक अडकलाच म्हणून समजा.

पुढच्या वर्षी खजिनदार बदलली. बदलाचा अर्ज अनुसूची 3 मध्ये, 90 दिवसांत द्यावा लागतो. सोबत सभेची नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यांवर विसंबण्यापेक्षा आम्ही सह्यांचं रजिस्टर घेऊन ताराबाई पार्कापासून शिवाजी पेठेपर्यंत घरोघर फिरलो.