उसन्या तासांची वही

गेली सहा वर्षे मी एक वही ठेवते आहे. मानधन किती आले आणि किती यायचे राहिले याचा हिशेब दुसरीकडे असतो. या वहीत मी कोणाकडून किती तास उसने घेतले, एवढीच नोंद असते. सांगलीत राहून नाटक करणाऱ्या बाईचा आठवडा कसा जातो, असे मला पुष्कळदा विचारले जाते आणि भूमिकांची यादी सांगून विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून फेब्रुवारीतील एका आठवड्याची पाने येथे सविस्तर लिहिते. त्या रविवारी विष्णुदास भावे नाट्यमंदिरात आमच्या नव्या नाटकाचा प्रयोग ठरला होता, आणि हळदीचा हंगाम, मालिकेचे चित्रीकरण व एका साखरपुड्याचे सूत्रसंचालन हे सगळे त्याच सात दिवसांत एकत्र आले होते.

मी वसंतदादा मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीवर सकाळी नऊ ते दुपारी तीन हिशेब लिहिते. फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक वाढू लागली की सौद्यांना गर्दी होते, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाचे वजन, दर, हमाली, तोलाई मांडून त्याची पट्टी वेळेत हातात द्यावी लागते, कारण गावाहून आलेल्या माणसाचे लक्ष परतीच्या गाडीकडे लागलेले असते. पोती ओतली जातात तेव्हा जी पिवळी धूळ उठते ती कपड्यांवरून झटकता येते, परंतु घशात बसलेली निघत नाही. ज्या आठवड्यात प्रयोग असतो त्या आठवड्यात मी नाकातोंडावर ओला रुमाल बांधून बसते आणि टेबलाखाली कोमट पाण्याचा थर्मास ठेवते. सोमवारी पेढीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांच्याकडे मी बुधवारची पूर्ण रजा आणि इतर दिवशी एक तास लवकर जाण्याची परवानगी मागितली. हंगामात अशी मागणी करताना मला फार संकोच वाटतो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "जा, पण पट्ट्या तुंबता कामा नयेत." मी वहीत लिहिले: अण्णा, एक दिवस आणि चार तास.

नाटक महापुराचे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले होते; ४५ फूट ही तेथील धोक्याची पातळी. माझी भूमिका सत्तरीच्या एका बाईची आहे. ती हरिपूरच्या आपल्या घरातून बाहेर पडायला नकार देते आणि माळ्यावर बसून खाली चढणारे पाणी पायऱ्यांवर मोजते. मी स्वतः लग्नानंतर हरिपुरात आले. सांगलीहून चिंचेच्या झाडांखालून येणारा तो रस्ता आणि कृष्णा-वारणेच्या संगमावरचे संगमेश्वराचे देऊळ माझ्या रोजच्या नजरेतले आहे, आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे, याचा गावातल्या प्रत्येकाला अभिमान आहे. तरीही ही बाई मला बरेच दिवस सापडत नव्हती. तिच्या तोंडी हरिपूरच्या पेवांविषयी, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांविषयी, एक मोठे स्वगत आहे. तालमीत ते मी पाठ केलेल्या उताऱ्यासारखे बोलत होते आणि दिग्दर्शक दरवेळी मान खाली घालून ऐकत असत. त्यांना ते पटलेले नाही, हे मला तेवढ्यावरून कळत असे.

शेवटी मी सासूबाईंना विचारले. माझ्या सासऱ्यांच्या घरचे पेव होते. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद अशी ती जागा; तिच्यात हळद ठेवून तोंड बंद केले की कीड न लागता ती वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडले की लगेच आत उतरता येत नसे, कारण आतली हवा माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून ते काही काळ उघडे ठेवायचे, कंदील खाली सोडून तो जळतो की विझतो ते पाहायचे आणि मगच माणूस उतरवायचा. हे सगळे संहितेतही होते. मात्र सासूबाई ते सांगताना कंदील खाली सोडला म्हणाल्या आणि थांबल्या, श्वास धरून खाली पाहत राहिल्या, जणू ती दोरी अजून त्यांच्या हातात होती. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरले आणि पुढे त्यांचा वापर कमी कमी होत गेला, हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितले. सोमवारी रात्रीच्या तालमीत मी त्या स्वगतातला एक शब्दही बदलला नाही. कंदिलाच्या वाक्यानंतर फक्त श्वास धरला आणि थांबले. दिग्दर्शकांनी मान वर केली.

दुसरी मदत पेढीवर मिळाली. हळद निवडणाऱ्या बायकांपैकी एका मावशींना मी हळकुंड कसे पारखायचे ते दाखवायला सांगितले. नीट वाळलेले हळकुंड मोडले की टणक, धातूसारखा आवाज येतो आणि आतला रंग एकसारखा दिसतो. ओल लागलेले हळकुंड तसे तुटत नाही, ते आधी वाकते. मावशी दोन्ही अंगठे अगदी जवळ आणून, कानापाशी नेऊन ते मोडत होत्या, आणि त्यांचे डोळे त्या वेळी कुठेच पाहत नव्हते. नाटकाच्या दुसऱ्या अंकात म्हातारी वाचवलेल्या गाठोड्यातले हळकुंड काढून मोडते. संहितेत एवढेच आहे: ‘ती हळकुंड मोडून पाहते.’ ते कानापाशी न्यायचे, मोडायचे आणि आवाज येत नाही हे प्रेक्षकांना तिच्या चेहऱ्यावर वाचू द्यायचे, हे मला त्या मावशींमुळे सुचले. त्यासाठी प्रयोगाच्या आदल्या रात्री पाच-सहा हळकुंडे पाण्यात घालून ठेवावी लागतात, कारण चुकून कोरडे हातात आले तर आवाज होतो आणि प्रसंगाचा अर्थ उलटा होतो. मावशींनी जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटे दिली. वहीत त्यांचे नाव आहे.

मंगळवारी पेढीवरून सुटून मी खणभागातल्या एका छोट्या रेकॉर्डिंग खोलीत गेले. रिक्षावर कर्णा बांधून गावभर फिरणाऱ्या जाहिरातींसाठी मी आवाज देते, एका जाहिरातीचे तीनशे रुपये मिळतात आणि ते तेथल्या तेथे मिळतात. साड्यांच्या प्रदर्शनाची ती अर्ध्या मिनिटाची जाहिरातही मी मन लावून बोलते. हलत्या रिक्षातून जाणारे वाक्य रस्त्यावरच्या माणसाला अर्धेच ऐकू येते, त्यामुळे प्रत्येक तुकडा एकटा समजेल असा बोलावा लागतो. रंगमंचावर शब्दाचा शेवट न गिळण्याची सवय मला याच कामाने लावली. तेथून घरी न जाता थेट एसटी स्थानकावर गेले आणि पेठ नाका, कराड करत रात्री उशिरा साताऱ्याला माझ्या मावशीकडे पोहोचले.

बुधवारी पहाटे पाचवडमार्गे वाई. वाई आणि मेणवलीच्या परिसरातले घाट, वाडे आणि झाडी चित्रपटवाल्यांच्या आवडीची आहेत, आणि त्यामुळे आमच्यासारख्या सांगली-साताऱ्याच्या कलाकारांना मधूनमधून मालिकेत शेजारीण, आत्या, भाजीवाली अशा भूमिका मिळतात. माझी हजेरी सकाळी सातची होती आणि माझा पहिला शॉट दुपारी अडीचला लागला. वाक्ये तीन होती. मधल्या साडेसात तासांत मी वाड्याच्या मागच्या पडवीत बसून नाटकाचे दोन्ही अंक मनात म्हटले. मेकअप करणाऱ्या दादांनी ओठ हलवू नका असे सांगितल्यावर ओठ न हलवता म्हटले. त्या दिवसाचे अडीच हजार रुपये ठरले होते, आणि ते साधारण ९० दिवसांनी येतात. पूर्वी एका मालिकेचे माझे पाच दिवसांचे पैसे आलेच नाहीत. त्यांच्याकडे केलेल्या फोनच्या तारखाही मी कधीकाळी लिहून ठेवल्या होत्या, नंतर ते पान फाडून टाकले. एवढे असूनही मी ही कामे घेते, कारण कॅमेऱ्यासमोर कमी करून पुरेसे कसे करायचे हे शिकण्याची दुसरी शाळा मला परवडणार नाही. त्या रात्री सांगलीत तालीम होती. माझ्या जागी आमच्या गटातली एक कॉलेजमधली मुलगी माझी वाक्ये वाचत तीन तास उभी राहिली, म्हणजे बाकीच्यांच्या हालचाली अडू नयेत. तिची या नाटकात भूमिका नाही. ती पार्श्वसंगीत सांभाळते. तिच्या नावापुढे तीन तास लिहिले.

गुरुवारी सकाळी आवाज बसलेला होता.

दोन रात्रींचा प्रवास, झोप नाही आणि वर यार्डातली धूळ, याचा तो परिणाम होता. नटाचा आवाज बसला की सल्ले पुष्कळ मिळतात. मी तीनच गोष्टी पाळते, कोमट पाणी, ज्येष्ठमधाची कांडी आणि मौन. कुजबुजणेही टाळते, कारण कुजबुजल्याने घशावर अधिकच ताण येतो असे मला शिकवलेले आहे. परंतु हिशेबाच्या कामात मौन सोपे नाही. दिवसभर शेतकऱ्यांचे फोन येतात, दर विचारतात, पैसे कधी जमा होणार ते विचारतात. पेढीवरच्या वयस्कर दिवाणजींनी फोन स्वतःच्या टेबलावर नेला आणि तीन वाजेपर्यंत माझे सगळे फोन घेतले. मी त्यांना चिठ्ठ्या लिहून आकडे देत राहिले. त्यांनी आयुष्यात एकही नाटक पाहिलेले नाही आणि माझे पाहण्याचीही त्यांना उत्सुकता नाही. त्यांनी हे माझ्या आवाजासाठी केले, याचे मोल मला फार वाटते. दिवाणजी, सहा तास.

शुक्रवारी मिरजेत साखरपुड्याचे सूत्रसंचालन होते, ते खालच्या पट्टीत आणि माईक तोंडाजवळ धरून निभावले.

शनिवारी दुपारी नेपथ्याचे सामान नाट्यमंदिरात नेले. त्या वास्तूत शिरताना मला दरवेळी एक गोष्ट आठवते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत मराठी नाटकाचा जो पहिला खेळ केला त्याला संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण साजरा करतो आणि त्या दिवशी येथे भावे गौरवपदक दिले जाते. पण १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, राजाश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले; १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात संगीत नाटक उभे केले तेव्हा ते सरकारी कचेरीत नोकरी करत होते. त्यांना तालमींसाठी वेळ कोणी दिला असेल, त्यांच्या टेबलावरचे कागद कोणी उरकले असतील, हा विचार माझ्या मनात येतो. रंगभूमीच्या इतिहासात नट, नाटककार आणि आश्रयदाते यांची नावे आहेत. कचेरीत मागे राहिलेल्या सहकाऱ्यांची नाहीत. प्रयोगाआधी आम्ही ऋणनिर्देश वाचतो, त्यातही प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य आणि देणगीदार एवढेच येतात. ही वही मी ठेवते, त्याचे कारण हेच आहे.

शनिवारी रात्री रंगीत तालीम बारापर्यंत चालली. घरी आले तेव्हा सासूबाईंनी हळकुंडे आधीच पाण्यात घालून ठेवली होती.

रविवारी तिसरी घंटा झाली तेव्हा आवाज ऐंशी टक्के परत आला होता. पहिल्या अंकात मी तो जपून वापरला. वरच्या पट्टीतली दोन वाक्ये खाली घेतली आणि त्यातले एक खालीच अधिक चांगले लागले, ते आता तसेच ठेवणार आहे. पेवाच्या स्वगतात कंदिलापाशी थांबले तेव्हा समोरच्या अंधारात खोकलाही ऐकू आला नाही. दुसऱ्या अंकात हळकुंड कानापाशी नेले, दोन्ही अंगठे जवळ आणले, आणि ते वाकले. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून कोणीतरी बाई हलकेच "अगंबाई" म्हणाली. तिला त्या न झालेल्या आवाजाचा अर्थ ठाऊक होता. एवढ्या आठवड्यात मला मिळालेली सर्वांत मोठी पावती तीच, आणि प्रयोगाचे पाचशे रुपये नाइटही मिळाले, हे येथे नोंदवते, कारण आमच्या गटाने गेल्या वर्षीपासून प्रत्येक कलाकाराला थोडे का होईना मानधन द्यायचेच असे ठरवले आहे.

नेपथ्य उतरवून, टेम्पोत भरून घरी यायला एक वाजला. चेहरा धुऊन मी वही उघडली. आठवड्याची बेरीज मांडताना सासूबाई पाणी प्यायला उठल्या. रोज संध्याकाळी मुलाचा अभ्यास, त्याचे जेवण आणि माझ्या वाट्याचा स्वयंपाक यांचे मी त्यांच्या नावावर दोन तास लिहिते, सात दिवसांचे चौदा. त्यांनी चष्म्याशिवाय वाकून पाहिले आणि विचारले, "घरच्या माणसांचं कुणी लिहून ठेवतं होय गं?"

मी म्हटले, "ठेवतात, आई." आणि कंदिलाच्या गोष्टीचा एक तास त्यांच्या नावापुढे वाढवला.

सोमवारी साडेआठलाच पेढीवर गेले. शनिवारी मी निघाल्यानंतरच्या एकवीस पट्ट्या माझ्या टेबलावर दोऱ्याने बांधून ठेवलेल्या होत्या. अण्णांनी त्या कोणालाही लिहू दिल्या नव्हत्या, पण त्या शेतकऱ्यांना उचल मात्र त्याच दिवशी दिलेली होती. रुमाल ओला करून बांधला आणि पहिली पट्टी घेतली.