दोन्हीवर ४०७० लिहिलंय, मग फरक कसला?

‘लॅपटॉपवर आरटीएक्स ४०७० लिहिलंय, डेस्कटॉपच्या कार्डाच्या खोक्यावरही ४०७०च. मग लॅपटॉप घेतला तर बिघडलं कुठं?’ आरटीएक्स ४०७० हे एनव्हीडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे पडद्यावरच्या चित्रांचा हिशेब करणाऱ्या भागाचं नाव. मी थ्रीडी रेंडरिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आराखड्यातून खरं वाटेल असं चित्र काढण्याचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला आर्किटेक्चरची पोरं विचारतात, आणि पैसे देणार असतात म्हणून त्यांचे आईवडील त्याहून जास्त विचारतात. फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आडनाव पाटील आहे म्हणून दोन माणसं सख्खे भाऊ होत नाहीत, तसं हे आहे. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये एडी१०४ नावाची चिप असते. तिच्यात ५८८८ कोअर (एकाच वेळी हिशेब करणारे छोटे भाग), सोबत कार्डाची स्वतःची १२ जीबी मेमरी, आणि तिला २०० वॅट वीज मिळते. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये चिपच वेगळी, एडी१०६. कोअर ४६०८, मेमरी ८ जीबी आणि वीज ३५ ते ११५ वॅट, यातली नेमकी किती ते लॅपटॉप बनवणारा ठरवणार. हीच एडी१०६ चिप डेस्कटॉपवर ४०६० टीआय या नावानं विकली गेली. म्हणजे नाव सत्तरचं आणि माल साठचा.

वरच्या पायरीवर तर दरी आणखी रुंद. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि ४५० वॅट. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ कोअर, म्हणजे डेस्कटॉपच्या ४०८० इतकेच, आणि वीज १५० वॅटच्या आसपास. २०२५ मध्ये नवी पिढी (पन्नासची मालिका, ५०७० वगैरे) आली तेव्हा वाटलं होतं, आता तरी सुधारतील. कसलं काय! डेस्कटॉपच्या ५०७० ला १२ जीबी, लॅपटॉपच्या ५०७० ला पुन्हा ८ जीबीच, आणि कोअरही तेच ४६०८.

पूर्वी हे इतकं झाकलेलं नसायचं. लॅपटॉपच्या कार्डाचं नाव जीटीएक्स ९८० एम असं लिहिलेलं असायचं, त्या शेवटच्या एमवरून गिऱ्हाईक सावध व्हायचं. २०१६ मध्ये एनव्हीडियानं दहाच्या मालिकेत (१०७०, १०८० वगैरे) तो एम काढून टाकला, आणि तेव्हा ते रास्तही होतं. लॅपटॉपच्या १०८० मध्ये डेस्कटॉपइतकेच २५६० कोअर होते. पुढे २०१७ मध्ये पातळ लॅपटॉपांसाठी कमी विजेचे ‘मॅक्स-क्यू’ प्रकार आले. २०२१ मध्ये तीसच्या मालिकेत (३०७०, ३०८० वगैरे) ती शेपटीही नावातून गेली आणि वॅटचा आकडा जाहीर करायचं काम लॅपटॉप कंपन्यांवर आलं. त्या तो छापतात, पण वेबसाइटवर बारीक अक्षरात. दुकानातल्या स्टिकरवर मला तो क्वचितच दिसतो.

आता मूळ मुद्दा, वॅटचा. चिपचा वेग वाढवायचा तर एका टप्प्यानंतर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढते. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी डेस्कटॉप कार्ड भरमसाट वीज पितं ते यामुळे. लॅपटॉपची चिप त्या महागड्या टोकापर्यंत जातच नाही. म्हणून एक तृतीयांश विजेत एक तृतीयांशाहून बरंच जास्त काम मिळतं. लॅपटॉपचं कार्ड म्हणजे निव्वळ फसवणूक, असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. दर वॅटमागे काम मोजलंत तर लॅपटॉपच पुढे असतो. पण रेंडर रात्रीत संपवून सकाळी क्लायंटला पाठवायचा असतो, तेव्हा दर वॅटचा हिशेब कोण मागतं?

शिवाय एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांतही फरक पडतो. बारीक, सुबक लॅपटॉपात ४०७० ला ५०-६० वॅटवर दाबून ठेवलेलं असू शकतं, आणि जाडजूड, दिसायला ओबडधोबड लॅपटॉपातला पूर्ण विजेचा ४०६० त्याला मागे टाकू शकतो. दुकानात विचारलंत तर ‘सेमच आहे सर’ हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा दुकानात दाखवायला ठेवलेला लॅपटॉप चालू करून घ्या, एनव्हीडिया कंट्रोल पॅनल उघडा आणि खाली कोपऱ्यातल्या सिस्टीम इन्फर्मेशनवर क्लिक करा. तिथे ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’समोर वॅटचा आकडा असतो.

एक प्रयोग मी सगळ्यांना दाखवतो. ब्लेंडर या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावायचा आणि तो चालू असताना चार्जरची पिन काढायची. काही क्षणांत पंख्यांची घरघर उतरते आणि खाली दिसणारी उरलेली वेळ वाढत जाते. बॅटरीवर चिपला पूर्ण वीज देतच नाहीत, आणि दिली तरी पुरणार किती? विमानात परवानगीशिवाय नेता येते ती बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची, म्हणून कंपन्या बहुतेक त्याच्या आतच राहतात. एकटं कार्ड ११५ वॅट ओढायला लागलं तर तासाभरात सगळं आटोपलं. त्यामुळे ‘उचलून नेता येतो’ हे खरं, पण सोबत तो विटेएवढा चार्जरही उचलायचा.

उन्हाळ्याचंही बघा. अकोला-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. लॅपटॉपात प्रोसेसर आणि ग्राफिक्सची उष्णता बहुधा एकाच हीट पाइपांतून (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांतून) बाहेर पडते, एक तापला की दुसऱ्याला चटका. दुपारी बिनएसीच्या खोलीत वेग पडणार हे धरूनच चाला. कॅबिनेटमधल्या कार्डाला स्वतःचे दोन-तीन मोठे पंखे असतात. तेही तापतं, पण तग धरतं.

आता उलट बाजू, कारण ती मला गावाकडच्या पालकांनी शिकवली. वीज गेली तर? डेस्कटॉपला यूपीएस लागतो, आणि मोठं कार्ड जोरात चालू असेल तर साधा यूपीएस काही मिनिटांतच मान टाकतो. लॅपटॉप निदान हळूहळू का होईना, चालत राहतो. जिथे लोडशेडिंगचा भरवसा नाही तिथे हा मुद्दा कोअरच्या संख्येपेक्षा मोठा ठरतो.

मग घ्यायचं काय? मी ४०६० चा लॅपटॉप सुचवतो. लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हींत चिप एकच, एडी१०७, कोअर ३०७२, मेमरी ८ जीबी. डेस्कटॉपवरही तिला ११५ वॅटच मिळतात, आणि शंभरच्या पुढे तिला फारसा फायदा होत नाही. पूर्ण विजेचा लॅपटॉप मिळाला तर फरक थोडाच राहतो. लॅपटॉपच्या ४०७० साठी वरचे पैसे मी देणार नाही, मेमरी तेवढीच आहे. गवत, झाडं, मोठी टेक्श्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रं) असलेला सीन ८ जीबीत मावला नाही की कोअर कितीही असोत, रेंडर रखडतो नाहीतर बंदच पडतो.

आणि १२ जीबी खरोखर लागणार असेल तर सरळ पीसी असेंबल करून घ्या. त्यात एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, गरजेपेक्षा थोडा वरचाच टाका. तीन-चार वर्षांनी कार्ड काढून नवं बसवता येईल. लॅपटॉपचं कार्ड मदरबोर्डवर कायमचं जोडलेलं असतं. वॉरंटी संपल्यावर ते गेलं तर दुरुस्तीवाला बहुतेक अख्ख्या बोर्डाचाच भाव सांगतो.